दोघांतला भरवशाचा

साहेब, आज सौंसरला गेलो होतो. तहसिलीसमोर पाय आपोआप थांबले. तिथंच तुमच्या हाताखाली आम्ही दोघे हवालदार होतो, मी आणि तो. लाच खाणाऱ्या सरकारी माणसांचा तपास कसा करायचा, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. माझं अक्षर मोत्यासारखं, कागद बिनचूक, पण शाबासकी त्याला. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं.

बोरगावचा तो म्हातारा बागवाला आठवतो? विहिरीची नोंद करून द्यायला महसूल साहेबानं त्याच्याकडून संत्र्यांचा अख्खा बहार उकळला होता. मी तीन खेपा घातल्या, बयानाचा कागद मांडून बसलो. म्हातारा नुसता सुपारी कातरत राहिला. मग माझा तो जोडीदार गेला. कागद नेलाच नाही. ओसरीवर बसून भाकर खाल्ली आणि शनिवारी म्हाताऱ्याला घेऊन जामसांवलीला गेला. तिथल्या मारुतीसमोर खोटं बोलायची आपल्याकडे कुणाची छाती नाही. पायरीवर बसून म्हातारा सगळं बोलला, सोमवारी तुमच्यासमोर अंगठा द्यायला कबूल झाला.

त्याच रात्री तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "तू लिहूनच राहिला बाप्पा. हा पाहा, ऐकून राहिला. शिक काही याच्यापासून." तुम्ही हसत म्हणालात. मला ते अजूनही हसण्यासारखं वाटत नाही.

रविवारी पांढुर्ण्याच्या बाजारात त्या महसूल साहेबाचा बाबू भेटला. हॉटेलात चहाला बसलो. "काही गवसलं काय तुमाले?" त्यानं सहज विचारलं.

"मले कुठचं गवसते? ज्याले गवसलं त्याले विचारा," मी म्हणालो. "काल जामसांवलीले कोणाले घेऊन गेला होता, ते विचारा."

एवढंच बोललो. सोमवारी म्हातारा आला, "म्या तं काहीच बोललो नाही जी," म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. त्याच्या विहिरीची नोंद कधीच झाली नाही. हा लोकांच्या घरी जेवतो, यानंच कुठं तरी तोंड सैल सोडलं असेल, म्हणून तुम्ही दोष त्याला दिलात. पुढं प्रांत फुटला, नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं, आपण इकडं हिंदी राज्यात राहिलो. त्यानं नागपूर मागून घेतलं. निवृत्त होताना तुम्ही तुमचा पेन माझ्या खिशाला लावलात. "तू तरी भरोशाचा निघाला," म्हणालात.

त्याच पेनानं हे लिहितो आहे. पण शेवटच्या दुखण्यात तुम्ही त्याचीच आठवण काढत होता, असं वहिनीसाहेब म्हणाल्या, आणि तुमच्या तेराव्याला जेवताना माझा घास तोंडात फिरला. तुम्ही गेल्यावरही माझा हेवा गेला नाही.

हा कागद जाणार कुठं? घडी करून ठेवतो. त्या बाबूकडून मी काही घेतलं नाही, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंच आहे साहेब. त्या दिवशी चहाचे पैसेसुद्धा मीच दिले होते.