गुत्त्यावरची साखराबाई

धर्मापुरी,
५ जानेवारी २०२५

ती. राजेश्वरअण्णा,
शरणार्थ.

इकडे सगळे ठीक आहे, असे लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. थंडीने आईचे गुडघे धरलेत. कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्यात. मी मात्र थकले आहे. आपल्या जिनिंग मिलचा भोंगा झाला की अंगावर काटा येतो, आणि तो भोंगा मीच वाजवते.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

साखराबाईच्या उजव्या हाताची बोटे मशिनीत गेली, एवढे तुला कळवले होते. तू लगेच म्हणालास, "ती आपली कामगार नाही, गुत्तेदार आहे. चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढेच सांग." कागदावर तसेच आहे. हंगामाआधी तूच पुण्याहून कागद करून पाठवलेस. हजेरीपट बंद, पीएफ-विमा बंद. प्रत्येक बाई आपापली गुत्तेदार, म्हणजे स्वतःच ठेकेदार. काम तिचे, जबाबदारीही तिची. "आता तुम्हीच तुमच्या मालक," असे मी बायांना समजावले, तेव्हा केवढ्या हसल्या होत्या!

आता जे कळवले नाही ते लिहिते.

येळवशीच्या आदल्या दिवशी साखराबाई माझ्याकडे आली. तुला पुण्यात विसर पडला असेल, पण वेळा अमावास्येला इथे गावात माणूस सापडत नाही. भज्जी-आंबील घेऊन सगळे शेतात. म्हणाली, "ताई, उद्या मी येत न्हाई. लेक माहेराला आलीय, तिला घिऊन शेतात जायचंय. गुत्तेदार हाय ना मी आता? मग माझी सुट्टी मीच दिली." मोठ्या तोऱ्यात होती. मी काय म्हणाले असेन? "ते कागदावर, साखराबाई. भोंग्याला हजर राहा. नाही आलीस तर पुन्हा येऊच नकोस."

ती आली. निम्म्या बाया नव्हत्या, म्हणून तिला एकटीला दोन मशिनींवर मीच उभे केले. दुपारी या मशिनीवरून त्या मशिनीकडे धावताना तिचा हात रोलरमध्ये गेला.

अण्णा, जिला स्वतःची सुट्टी घेता येत नाही ती कसली रे गुत्तेदार? भोंगा माझा, मशीन आपली, दरडावणेही माझे. हात तेवढा तिचा होता. माझे मन मला खाते आहे.

काल अंबाजोगाईला दवाखान्यात गेले. तर तीच मला धीर देऊ लागली. "ताई, सायेब आला तर मी सांगन, मी गुत्तेदारच हाय म्हनून. जिनिंग बंद पडली तर बाकीच्या बायांनी कुठं जावं? पुन्यांदा ऊसतोडीला?" मला तिथे बसवेना. बाहेर येऊन खूप रडले.

उद्या कामगार अधिकारी येणार आहेत. ती आपली कामगार आहे आणि त्या दिवशी तिला मी बोलावले होते, असे मी सांगणार आहे. दंड होईल, कदाचित हंगामही बुडेल. तू भागीदार आहेस, भडकशील. भडक. आईला सगळे सांगितले. ती उठून साखराबाईसाठी डबा भरायला लागली.

वहिनीला नमस्कार, मुलांना आत्याचे आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण
आणि साखराबाईची मालकीण,
शिवांजली