डोरीनचा तासाचा भाव

३ फेब्रुवारी, सोमवार

हिशेब केला. या केअर होमला मी दिवसाला तीनशे बारा डॉलर मोजतो. त्यातले डोरीनला – माझ्या टाचेची जखम धुते, गोळ्या देते, साखर तपासते – मिळतात सहा डॉलर एकोणचाळीस सेंट. तासाला सव्वीस डॉलर चाळीस सेंट, गुणिले साडेसात तास, भागिले आम्ही एकतीस म्हातारे. पाळी आठ तासांची, पण अर्धा तास जेवणाचा म्हणून कापतात. ती जेवताना मला अजून दिसायची आहे!

भाव मी तिला विचारला नाही. औषधांची गाडी माझ्या दाराशी थांबते आणि बायका बोलतात. पाय थकलेत, कान शाबूत आहेत.

५ फेब्रुवारी

फोनवर शोधलं. तिच्यासारखी एलपीएन, म्हणजे एका वर्षाचा कोर्स केलेली परवान्याची नर्स, वर्षाला साठ-बासष्ट हजार कमावते म्हणे. तिला वाचून दाखवलं.

“हो का?” म्हणाली. “मग त्या फोनला सांगा, माझे उरलेले दहा हजार पाठवून दे.”

शेजारच्या पलंगावरचा अर्नी पोट धरून हसला. सोळा वर्षांची नोकरी आहे तिची. मला हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी

बर्फ. डोरीन चाळीस मिनिटं उशिरा. ती येईपर्यंत टाचेला कुणी हात लावला नाही.

१२ फेब्रुवारी

आज गाडीपाशी ऐकलं – नर्सा पुरवणारी एजन्सी तिला तासाला छत्तीस देते आहे. छत्तीस! ती जाणार.

घाबरलो, खोटं कशाला लिहू? ती आमच्या मजल्यावर येण्याआधी चार महिन्यांत सात नर्सा झाल्या. प्रत्येकीने पट्टी आपल्या पद्धतीने बांधली आणि डॉक्टर गुडघ्याखाली बोटाने रेघ ओढून दाखवायला लागले. डोरीनच्या हाती अक्रोडाएवढं भोक वाटाण्याएवढं झालं. पाय तिच्यामुळे आहे.

१३ फेब्रुवारी

सरळ विचारलं. म्हणाली, “नाही जात हो, बॉस. एजन्सी आरोग्य विमा देत नाही. माझ्या लेकीचं, टेसाचं इन्सुलिन, तिचा पंप – सगळं इथल्या विम्यावर चालतं.”

“नवऱ्याचा विमा?”

“बांधकामात आहे तो. हिवाळाभर घरी. विमा नाही.”

बांधकामवाले सगळे असेच, म्हणालो.

१४ फेब्रुवारी

ती जाणार नाही – पण हिला भाव तरी मिळायला हवा! तिला शिकवलं. “एजन्सीचं पत्र व्यवस्थापिकाबाईंच्या टेबलावर ठेव. एकोणतीस माग, अठ्ठावीसवर थांब. मग गप्प बस. जो आधी बोलतो तो हरतो.”

“आणि त्या म्हणाल्या, जा, तर?”

“नाही म्हणणार. नवी नर्स शोधणं महाग पडतं. अगं, तीस वर्षं छपरं घातली मी या एरी शहरात. इतरांपेक्षा तासाला दोन डॉलर जास्त दिले माणसांना. एक माणूस पैशांवरून सोडून गेला नाही माझा!”

“ऐकलंय, बॉस,” म्हणाली, आणि पट्टी गुंडाळत राहिली.

२० फेब्रुवारी

डोरीन बाईंकडे गेली. पत्र ठेवलं. गप्प बसली.

केसलरबाई – आमच्या व्यवस्थापिका – त्याही गप्प बसल्या. मग पत्र न वाचताच परत सरकवलं. “चांगली संधी आहे, डोरीन. टेसाच्या औषधांची सोय मात्र आधी बघून ठेव हं.” विम्याचे कागद त्यांच्याच टेबलावरून जातात. सगळं ठाऊक.

शेवटी वाढ दिली पस्तीस सेंट. तासाला.

डोरीनने हे सांगितलं ते माझा मोजा काढता काढता. मला वाटलं होतं, मी तिच्या हातात हत्यार देतोय. उलट, ही जागची हलू शकत नाही हे बाईंना खात्रीने कळलं – माझ्यामुळे.

२१ फेब्रुवारी

झोपेचं सोंग घेऊन पडलो. तिला कळलं. “बॉस, सोंगं घेणाऱ्यालाही इंजेक्शन मिळतं.”

२६ फेब्रुवारी

पाकिटात पाचशे घालून तिच्या खिशात सरकवलं. तिने दोन बोटांनी काढून माझ्या उशाखाली ठेवलं.

“रहिवाशाकडून काही घेतलं तर नोकरी जाते. परवानाही जाऊ शकतो. माझ्यावर असले उपकार करू नका.”

बँकेत आठ लाख पडलेत माझे. या बाईला मी कॉफीसुद्धा पाजू शकत नाही!

८ मार्च

शनिवार-रविवार दोन्ही दिवस डबल पाळी करते आहे. एप्रिलपर्यंत नवऱ्याचं काम सुरू होत नाही. आज माझी साखर दोनदा लिहिली आणि स्वतःवरच चिडली. डोळ्यांखाली काळं.

अर्नी म्हणाला, “पोरगी मरेल अशाने.”

मी म्हटलं, “तू गप रे.”

१९ मार्च

डॉक्टर आले होते. जखम बुजली. पाय राहिला! डोरीनने टाळी दिली. ती अडकून पडली म्हणून मी उभा राहणार. आनंद झाला, आणि जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं.

११ एप्रिल

डोरीनची गाडी बंद पडली, म्हणून नवरा न्यायला आला. त्याचं नाव रस. भला माणूस, टोपी हातात घेऊन दारातच उभा. जॅकेटवर ‘बर्टोलिनी रूफिंग’. माझी कंपनी! मी धंदा पुतण्याला विकला त्यानंतर लागलेला, सहा वर्षं झाली. डोरीनला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

विम्याचं विचारलं. “जुनीच पद्धत आहे ना, सर,” म्हणाला. बिचारा ओशाळला.

२००४ साली माणसांचा विमा मी बंद केला. माणशी तासाला पाच डॉलर वाचले. त्यातले दोन मी त्यांना दिले.