फक्त शेपूट

३ मार्च
औषधांच्या शीतगृहात नोकरी लागली. शब्द ताईने टाकला. ती इथलं स्टोअर सांभाळते. इन्सुलिनची चार नंबरची खोली तिच्याच सहीवर चालते. खोल्यांची थंडी मोजणारा प्रोग्राम कंप्युटरवरच्या एका कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालतो. त्याचे लॉग, म्हणजे नोंदींच्या ओळी, कमांड लाइनवर बघायचे आणि ताईला कळवायचं, एवढंच माझं काम. संकल्प: एकही ओळ सोडायची नाही.

४ मार्च
लॉग उघडला. ओळी संपेचनात. चहा गार झाला. संकल्पात किरकोळ दुरुस्ती: शेवटच्या शंभर ओळी.

६ मार्च
शंभर ओळी म्हणजे गाढवमेहनत. कमांडला 'टेल १' जोडलं. टेल म्हणजे शेपूट. आता फक्त शेवटची ओळ दिसते: "फेरी पूर्ण. ओके." शेवट गोड ते सगळं गोड. ताईला कळवलं, ओके. तिने सही केली.

११ मार्च
ओके. डबा खाताना ताई म्हणाली, चार नंबरमध्ये हल्ली स्वेटर लागत नाही. म्हटलं, सवय झाली तुला.

१३ मार्च
ओके. स्वेटर तिने आतल्या खुंटीवरच टांगून ठेवलाय. हमाल म्हणतो, खोक्यांना घाम आलाय. मला हसू आवरेना. ताई हसली नाही. वरच्याही ओळी बघतोस ना, म्हणाली. सख्ख्या भावावर एवढा अविश्वास? वाईट वाटलं. हो म्हणालो.

१४ मार्च
ओके. चार नंबरच्या दाराखाली पाणी. फरशी पुसली असेल. छातीत धडधडतंय. पित्त असावं.

१७ मार्च, सकाळी
ओके.
इन्सुलिन खराब म्हणून दवाखान्यातून खोकी परत आली. साहेब माझ्या खुर्चीत बसले आणि कमांडचं शेपूट काढून टाकलं. ओळी पळू लागल्या. "खोली चार: तापमान जास्त." स्क्रीनभर तेच. प्रत्येक फेरीच्या शेवटी मात्र "फेरी पूर्ण. ओके." म्हणजे ओके ते मोजणीच्या फेरीला, थंडीला नव्हे. हे आधी कुणी सांगायला नको?

संध्याकाळी
सगळं इन्सुलिन फेकायचं ठरलं. जे बाहेर गेलं ते कुणाकुणाला टोचलं, याचा शोध चाललाय. सह्या ताईच्या. तिला घरी बसवलं. हत्ती गेला, शेपूट माझ्या हातात.
ताई गेटपाशी उभी होती. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाली, तेवढा माझा स्वेटर आणून दे.
चार नंबरमध्ये गेलो. खुंटीवरून स्वेटर काढला. घाम फुटला.