मँडोलिनच्या सोलोची जय्यत तयारी

४ फेब्रुवारी
आमच्या लोकगीत मंडळाचा पुनरागमनाचा कार्यक्रम ठरला! १८ तारीख, रविवार. हॉल बुक. गायिका आमची ही, मँडोलिनवर अर्थात मी. मधला सोलो माझाच, त्यात वाद नाही. उद्यापासून पहाटे रियाज.

५ फेब्रुवारी
पहाटे गारठा होता. वाद्याला बाधतो. उद्या.

८ फेब्रुवारी
वाद्य काढलं. पाच मिनिटांत बोटं सोलवटली. एकेकाळी काय घट्टे होते या बोटांना! भांडी घासून घासून गेले. तसं हिला सुनावलं. ती म्हणाली, शेवटचं भांडं कधी घासलंत ते आठवा. विषय बदलला.

११ फेब्रुवारी
ही म्हणते, शुक्रवारच्या तालमीत जमलं नाही तर सोलो बासरीवाल्याला. हा बासरीवाला म्हणजे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना आ करायला लावला, आता स्वतः फुंकतो! फार हसलो. पण मग वाटलं, सोलो गेला तर मी तिथे बसून करायचं काय?

१६ फेब्रुवारी
तालमीत सर्दीचं कारण सांगितलं. सर्दीने बोटं आखडतात, हे शास्त्र आहे. दंतवैद्याने विचारलं, कुठलं? आगाऊ माणूस. ही म्हणाली, ठीक आहे, स्टेजवर पहिली दोन गाणी ऐकून ठरवते.

१८ फेब्रुवारी, दुपार
युक्ती सापडली! काही वादक म्हणे बोटांच्या टोकांना सुपरग्लू लावतात. वाळला की झाला घट्टा. चारी बोटांना सढळ हाताने लावलाय. वाळेपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे? जरा वाजवून बघतो.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ, ग्रीनरूम
डावा हात मँडोलिनला चिकटलाय. एकाच कॉर्डवर, म्हणजे बोटांच्या एकाच ठेवणीत. मँडोलिन बाहीतून जाईना, म्हणून कोट अर्धाच घातलाय. घाबरायचं कारण नाही. कॉर्ड चांगली आहे. हिला अजून बोललो नाही.

१९ फेब्रुवारी
दवाखान्यातून आलो. हात सुटला, थोडी कातडी वाद्यावरच राहिली. पण कार्यक्रम काय रंगला! सगळी गाणी त्या एकाच कॉर्डवर काढली. सोलोसुद्धा. डोळे मिटून, मान हलवून. टाळ्या थांबेनात.
येताना गाडीत हिला हळूच विचारलं, कुणाच्या लक्षात तर आलं नाही ना?
ती म्हणाली, काय यायचंय लक्षात? इतकी वर्षं तुम्ही ती एकच कॉर्ड वाजवताय. काल पहिल्यांदाच बोट घसरलं नाही.
पुढच्या कार्यक्रमासाठी ही स्वतः ग्लूची ट्यूब आणणार आहे. मोठी.