कडुनिंबाखालचं इंजिन

५ मार्च २००६, रविवार
भंगारातून आणलेल्या इंजिनाच्या ब्लॉकवर कास्टिंग नंबर आहे. आज रमाने कन्फर्म केलं. तिने ओली चादर त्याच्यावर वाळत टाकली आणि गंजाने चादरीवर उलटे आकडे छापले. ‘ठशांच्या छपाईसाठी बगरूला जायला नको, घरीच झाली,’ म्हणाली. चादर ठेवू का, असंही विचारलं. मी सांगितलं, पुरावा धातूवरून घ्यायचा असतो, कापडावरून नाही. विमा कंपनीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे क्लेम तपासतोय. तिने लिंबू-मीठ चोळून डाग काढला. चादर स्वच्छ.

६ मार्च
नागपूरच्या बदलीची ऑर्डर आली. एक एप्रिलला हजर व्हायचं. रमाची अट: ब्लॉक ओतताना साच्यातून उठलेला तो नंबर वाचून साल सिद्ध झालं, तरच ब्लॉक सामानाच्या ट्रकमध्ये चढेल. नाहीतर इथेच राहील. मान्य केलं. माझ्या मते इंजिन महायुद्धाच्या आधीचं, कुठल्यातरी राजघराण्यातलं. भंगारवाल्याला विचारलं होतं. तो नाही म्हणाला नाही.
सलोनी म्हणते, ‘बाबा, मतलब हा फक्त इंजिनचा डब्बा आहे ना? गाडी कुठे आहे?’ गाडी नंतर. आधी इंजिन, मग त्याच्याभोवती गाडी.
संकल्प: रोज सकाळी तासभर ब्रश.

११ मार्च
ब्रश झाला नाही. ऑफिसात मार्च एंड. शिवाय सकाळी पाठ धरते.
पण मोठं काम झालं. विंटेज क्लबच्या माथुरसाहेबांचा फोन. २६ तारखेला स्वतः येणार. नंबर वाचता आला तर सर्टिफिकेट जागेवर. म्हणाले, आकड्यांवर रंग चोळा म्हणजे उठून दिसतील. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं.

१४ मार्च, होळी
ऑइलपेंटची दुकानं बंद. पूजेचं दुकान उघडं होतं, तिथून शेंदूर आणला, तेलात कालवला. रमा म्हणाली, ‘अहो, शेंदूर नका फासू. दगडाचासुद्धा देव होतो.’ मी म्हटलं, हे लोखंड आहे.
आकडे झकास उठले. पहिला तीन किंवा आठ. बाकीचे उद्या नीट बघेन. कॅमेऱ्यात रोल नाही.

१६ मार्च
काल धुळवड, बाहेर पडलोच नाही. आज बघतो तर ब्लॉकवर झेंडूचा हार, पुढे अगरबत्ती. वरच्या मजल्यावरच्या शेखावतांच्या मांजी, म्हणजे त्यांच्या आई, हात जोडून उभ्या. म्हणाल्या, ‘भैरूजी पधार्‌या है, साब.’ म्हणजे भैरवनाथ प्रकट झाले. कडुनिंबाखाली, विटांवर, शेंदूर लावलेले. विटा मीच ठेवल्या होत्या, रमाने ब्लॉक घरात घेऊ दिला नाही म्हणून.
खुलासा करणार होतो, पण त्यांनी हातावर प्रसाद ठेवला. तोंडात बत्तासा असताना काय बोलणार.
एका अर्थी फायदाच. आता ब्लॉक कोणी चोरणार नाही.

२२ मार्च, शीतलाष्टमी
चाकसूला शीतलामातेच्या मेळ्याला न गेलेल्या कॉलनीतल्या सगळ्या बायका आमच्या कडुनिंबाखाली. आदल्या दिवशी रांधलेला थंड नैवेद्य, राबडी, दहीभात, गोड पुए, सगळं ब्लॉकवर. शेंदराचे आणखी थर, त्यावर चांदीचा वर्ख. नंबर कुठल्या बाजूला होता तेही आता कळत नाही.
तरी आकडे आत सुरक्षित आहेत. हवा लागत नाही म्हणजे गंज थांबला.

२४ मार्च, पहाटे
रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन गेलो. हात लावणार तोच मांजी पाण्याचा लोटा घेऊन आल्या. ब्रश पाठीमागे लपवला आणि प्रदक्षिणा घातल्या. मांजींचे डोळे भरून आले. नऊ वाजेपर्यंत कॉलनीभर झालं की साहेबांची भक्ती खरी. संध्याकाळची आरती आजपासून माझ्याकडे.
सलोनी म्हणाली, ‘भगतजी, चहा घेणार?’

२६ मार्च
माथुरसाहेब वेळेवर आले. बूट काढले, भैरूजींना नमस्कार केला, टिळा लावून घेतला. मग मला विचारलं, ‘हाँ जी, तो ब्लॉक कहाँ है?’
भोवती पंधरा-वीस बायका. मी डोळ्यांनी खूण केली. त्यांनी पुन्हा नमस्कार केला. शेवटी कानात सांगितलं.  म्हणाले, ‘बिना नंबर के तो भाईसाहब, लोहा ही है.’ आणि लगेच, मांजी जवळच होत्या म्हणून, कान पकडून भैरूजींची माफी मागितली. सर्टिफिकेट नाही. प्रसाद दोनदा घेतला.
रमाने सामानाच्या यादीतून ब्लॉक खोडला. हे वाईट.

२९ मार्च
सामान बांधतोय. ट्रक परवा. रमाने ती चादर काढली, भांडी गुंडाळायला. मी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली. काही नाही. ‘त्या दिवशी सगळे आकडे दिसत होते हो,’ रमा म्हणाली. मग चादर माझ्या हातातून घेऊन तिच्यात कुकर गुंडाळला.
उद्या पाडवा. आपला सण म्हणून कॉलनीने मुद्दाम तोच मुहूर्त धरला. सकाळी दहाला गवंडी सिमेंट घेऊन येणार. भैरूजी पुन्हा कधी हलू नयेत म्हणून खाली चौथरा. नारळ मी फोडायचा आहे.