मामांचा कोंबडा आणि माझी डॉक्टरकी

जयनगर, बेंगळूर
१० मार्च १९९६

तीर्थरूप विठोजीमामा आणि मथुरामामी यांना गिरीराजचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबून, कारण देवनहळ्ळीत पाऊल टाकायची तुम्ही मला बंदी घातली आहे.) मामींचे गुडघे आता कसे आहेत? फार्मवरच्या कोंबड्या खुशाल असतीलच. इकडे सगळं ठीक, फक्त पुढच्या महिन्यात माझा प्रबंध परीक्षकांपुढे जायचाय आणि त्याचे तीनतेरा वाजले आहेत.

बंदीचा मला राग नाही. मी कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूवर काम करतो हे कळल्यावर कुठला कोंबडीवाला मला दारात उभा करेल? "एवढं शिकून रोग पाळतोस होय रे? स्वल्प लांबच राहा," असं तुम्ही म्हणालात. मामा, मी पाळत नाही, तो करतो काय ते पाहतो. विषाणूला स्वतःचं घरदार नसतं. तो पेशीच्या दाराशी येतो, ओळखीचा असल्यासारखा चिकटतो, आत शिरतो आणि तिच्याच सामानसुमानावर आपली पिलावळ वाढवतो. (मामी तेव्हा म्हणाल्या होत्या, "म्हणजे आमच्या जावयासारखंच की." हे फत्तेसिंगदाजींना वाचून दाखवू नका.) त्याला दारातच अडवणारं एक औषध आम्ही तपासतोय, आणि त्यासाठी अंड्यात वाढणारं पिल्लू लागतं.

तर बंदीच्या आधी तुम्ही प्रेमाने दिलेली अंडी मी उबवणीच्या पेटीत ठेवली. त्यांत विषाणू आणि औषध दोन्ही टोचलं. सरकारी फार्मच्या अंड्यांत नुसता विषाणू. तिथे तो मातला, तुमच्या अंड्यांत मात्र नावालाही वाढला नाही! माझे मार्गदर्शक जयतीर्थ सर एरवी हसत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला म्हैसूरपाक वाटला. मी तर ऑटोवाल्याशीसुद्धा शास्त्रज्ञाच्या थाटात बोलू लागलो.

मग सरांनी एक अंडं फोडलं. आत नुसता बलक. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. खरं तर टोचण्याआधी अंडं दिव्यासमोर धरून आत जीव आहे का ते पाहायचं असतं. पण तेव्हा वीज गेलेली (जनरेटर फक्त पेटीला), आणि मामाच्या अंड्यांवर संशय कोण घेणार? तुम्ही पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची नंबर एकची अंडी दिलीत, पण फार्मवर कोंबडा औषधालाही नाही, मग अंड्यात पिल्लू येणार कुठून? घरच नाही, तर विषाणू बिचारा शिरणार कुठे? सर आता माझ्याकडे पाहून नुसतं "सरी, सरी" (म्हणजे आपलं "बरं, बरं") म्हणतात. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. असो. तुम्हाला सांगून मन हलकं झालं, दुसरं काही मागणं नाही.

तुमचा आज्ञाधारक (आणि बंदी पाळणारा) भाचा,
गिरीराज

ता. क. मागणं आहे. मामींच्या परसातल्या गावठी कोंबड्यांत तो लाल तुऱ्याचा कोंबडा हिंडतो ना, त्या कोंबड्यांची एक टोपली अंडी हवीत. मी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येईन आणि बसस्टँडच्या पुढे पाऊल टाकणार नाही. टोपली बाकावर ठेवून मामींनी मागे फिरावं.

आणखी ता. क. आत्ताच आई म्हणाली की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी होसतोडकुच्या सामिष जेवणाला दाजी येणार आहेत आणि त्यांच्यासाठी तुम्ही नेमका तोच कोंबडा धरून ठेवलाय. मामा, थांबा! मटण मी जयनगरहून आणतो, दाजींना हवं तेवढं. आणि सणाला कापायचंच असेल तर मला कापा. माझ्यावाचून तुमचं अडणार नाही, पण त्याच्यावाचून मी डॉक्टर होत नाही.