निळ्याखालचा लाल

९ ऑक्टोबर
फाटकाची कडी लावलीच नाही मी! फोन वाजला, बोलत बोलत पुढे निघून गेले. परतले तर शेजाऱ्याचा पांढरा मेंढा आमच्या काळ्या मेंढ्यांत. हाकलला. पण दोघींच्या पाठीवर लाल रंग! या दिवसांत मेंढ्याच्या छातीला रंग फासतात – कुणावर चढला ते कळावं म्हणून. आमच्याचा निळा, त्याचा लाल.

धावत जाऊन डबा आणला आणि लालावर निळा फासला. का केलं असं? मामंजी जेवून आडवे झाले होते. कुणी पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर
मामंजी खूश. ‘‘सूनबाई, आपला गडी लागला बरं का कामाला!’’ मी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

२ नोव्हेंबर
जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. आडून आडून विचारलं – काळ्या जोडीला पांढरं पिल्लू होतं का हो? हसल्या. ‘‘पांढऱ्याच्या पोटात काळा रंग पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. तुमच्या या जातीत पांढरा मात्र लपत नाही. पांढरं आलं तर बाप बाहेरचाच!’’ मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. की मला तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

१८ जानेवारी
भीती वाटते. दोघींची पोटं दिसायला लागली.

२६ फेब्रुवारी
ही काळी जात आता मोजून दोनशे उरली. त्यातली एकतीस आमच्याकडे. चाळीस वर्षं मामंजींनी तळहाताच्या फोडासारखी जपली. एक जरी परकं कोकरू निघालं तर नोंदणीतून सगळा कळप बाद!

सांगून टाकावं? आज दोनदा त्यांच्या दाराशी गेले. तोंड उघडलं आणि म्हणाले काय – ‘‘चहा ठेवू का?’’

४ मार्च
पहिली व्याली. काळं! काळंकुट्ट! तिथंच नाचले. मामंजी म्हणाले, ‘‘अगं, आजवर कधी काळं बघितलं नाहीस का?’’ पण दुसरी बाकी आहे. जीव टांगणीला.

५ मार्च
सकाळी गेले तर मामंजी माझ्याआधीच मेंढवाड्यात. मांडीवर पांढरंशुभ्र कोकरू. मी बोलणार, तोच माझं मनगट धरलं. ‘‘फाटक मीच उघडं टाकलं असणार, पोरी. हल्ली काही आठवतच नाही मला. कुणाला सांगू नकोस.’’

मी हो म्हटलं.